औषध-चाचणीतील स्वयंसेवक आणि वैद्याचे कर्तव्य

महाविद्यालयीन रुग्णालयात औषध-चाचणीसाठी जाणारा स्वयंसेवक संशोधकाला पुष्कळ माहिती देतो. पण वैद्याने दिलेले चूर्ण वा गुटी ‘ते कुठे औषध’ असे समजून सांगत नाही. या मौनातच धोका आहे.

परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे बोधप्रद ठरतो. निरोगी स्वयंसेवकांना गुग्गुळापासून केलेल्या गुगुलिपिडची १ ग्रॅमची एकच मात्रा दिली असता प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण लक्षणीय घटले. उलट, पिंपळी व मिरीतील पायपरीनमुळे प्रोप्रानोलॉलचे प्रमाण वाढते. म्हणजे गुग्गुळकल्प वा त्रिकटू चालू असता चाचणीतील औषधाची मात्रा रक्तात कमी वा अधिक उतरू शकते. त्यात अपाय झाला तर कारणही उमगत नाही.

नव्या औषधांच्या चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळते. माहिती लपविली गेल्यास कार्यकारणसंबंध ठरविणे मात्र कठीण होते.

तेव्हा अंधेरी असो वा मुलुंड, आपण पुढील दक्षता घ्यावी :

१. कल्पाचे नाव, मात्रा व अनुपान रुग्णास लेखी द्यावे.

२. चाचणीच्या काळात संशोधकाला कळविल्यावाचून नवे औषध देऊ नये.

३. संमतिपत्राची प्रत व चाचणीचा नोंदणी क्रमांक जवळ ठेवण्यास सांगावे.

४. औषधविक्रेत्यांनी देयकावर कल्पाचे पूर्ण नाव लिहावे.

रुग्णाने आपले औषध निःसंकोचपणे सांगावे, हे शिकविणे वैद्याचेच काम आहे.