ट्रायथलॉनची फी : दमायचे किती पैसे?

पोहणे, सायकल चालवणे आणि पळणे ह्या तीन गोष्टी आपण बहुतेकांनी जवळजवळ फुकटात शिकल्या. कुणी मामाच्या विहिरीत, कुणी तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर. पळायला तर कुणी शिकवलंही नाही. मग ह्याच तीन गोष्टी एका दिवशी एकापाठोपाठ एक करायच्या म्हटल्या की अमेरिकेत कोणी ९०० डॉलर का मोजतं? आणि जर्मनीतल्या एखाद्या छोट्या गावात तसाच (जरा छोटा) खेळ ४० युरोत कसा होतो? लेख खेळाचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे, तेव्हा मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी कंटाळू नये.

एक खुलासा आधीच. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ म्हणताना अजूनही तारांबळ उडते. म्हणून सगळे आकडे अंकांत दिले आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून डॉलर ८५ रुपये, युरो १०० रुपये आणि पाऊंड ११५ रुपये धरले आहेत. भाव रोज बदलतो, पण आपल्याला पै-पैचा ताळेबंद मांडायचा नाही.

आधी अंतरं पाहू. सगळ्यात छोटी प्रचलित रेस म्हणजे स्प्रिंट: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ सन २००० साली सिडनीला आला, तिथे हेच अंतर दुप्पट असतं. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे आयर्नमॅन: ३.८ किलोमीटर पोहा, १८० किलोमीटर सायकल मारा आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन पळा. त्याच्या बरोबर निम्म्या अंतराला ‘७०.३’ म्हणतात, कारण एकूण अंतर ७०.३ मैल, म्हणजे ११३ किलोमीटर भरतं. पोहून आल्यावर सायकल घ्यायची आणि सायकल ठेवून बूट घालायचे त्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. तिथला वेळही घड्याळात धरला जातो.

पहिली आयर्नमॅन १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांतल्या ओआहू बेटावर झाली. अमेरिकन नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी बेटावर आधीपासून होणाऱ्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाला एक जोडल्या. १५ जण निघाले, १२ जण पोचले. गॉर्डन हॅलर पहिला आला, त्याला पावणेबारा तासांहून थोडा जास्त वेळ लागला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या दिवशी प्रत्येकाने पाणी, खाणं आणि मदतनीस आपले आपण आणायचे होते. म्हणजे खर्च होताच, पण तो आयोजकाच्या वहीत न येता स्पर्धकाच्या मित्रांच्या डिकीत होता. एकाच्या मित्रांकडचं पाणी संपलं म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली, ही गोष्ट ट्रायथलॉनवाले अजून चवीने सांगतात!

आज हे सगळं आयोजक करतो आणि फीमध्ये घालतो. इथे आपला इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सचा पेपर उपयोगी पडतो. ट्रायथलॉनमध्ये स्थिर खर्च प्रचंड आणि माणशी खर्च तुलनेने किरकोळ. रस्ता बंद करायला १०० सायकली असोत की २०००, पोलीस तेवढेच लागतात. समुद्रात दोरी बांधून नारिंगी फुगे सोडायचे, होड्या आणि जीवरक्षक ठेवायचे, ॲम्ब्युलन्स उभ्या करायच्या, विमा उतरवायचा, चिपवर वेळ मोजणारी यंत्रणा भाड्याने आणायची. केळी, मेडल आणि टी-शर्ट हा माणशी खर्च. लोकांना वाटतं आपण टी-शर्टाचे पैसे देतो. खरं तर आपण चौकात उभ्या असलेल्या हवालदाराचे पैसे देत असतो.

आता प्रदेशवार भाव बघू. अमेरिकेत गावपातळीवरच्या स्प्रिंटला साधारण १०० डॉलर पडतात. ७०.३ ला ४०० च्या आसपास, पूर्ण आयर्नमॅनला ८०० ते १०००. जर्मनीत क्लबांच्या छोट्या लोक-ट्रायथलॉनची फी ३० ते ५० युरो असते, मोठ्या पूर्ण अंतराच्या रेसला ७०० युरोच्या घरात जावं लागतं. ब्रिटनमध्ये छोट्या रेसला ५० पाऊंडांच्या आसपास. शिवाय ज्याच्याकडे तिथल्या महासंघाचं सभासदत्व नाही त्याला एका दिवसाचं लायसन्स वेगळं काढावं लागतं, आणि ऑनलाईन नोंदणीचा सरचार्ज वेगळा. आपल्या सिनेमाच्या तिकिटासारखंच.

किलोमीटरला किती पडले ते काढून पाहिलं तर गंमत दिसते. अमेरिकेत स्प्रिंटला १०० डॉलरमध्ये २५.७५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४ डॉलर. पूर्ण आयर्नमॅनचे ९०० डॉलर धरले तर २२६ किलोमीटरला पुन्हा सुमारे ४ डॉलर. जर्मनीत मात्र छोट्या रेसला किलोमीटरमागे दीड युरो आणि मोठीला तीन युरो. म्हणजे मोठ्या रेसचे दर दोन्ही देशांत फार लांब नाहीत. खरा फरक छोट्या रेसमध्ये आहे. त्याचं कारण मला असं दिसतं, की जर्मनीत छोटी रेस हा गावच्या क्रीडा मंडळाचा वार्षिक कार्यक्रम असतो. चौकाचौकात मंडळाचे सभासद आणि स्वयंसेवक अग्निशमन दलाची माणसं उभी राहतात, केक घरून भाजून येतात. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळासारखं समजा, वर्गणी थोडी आणि राबणारे हात फुकट. अमेरिकेत तेच काम बऱ्याच ठिकाणी ताशी पैसे मोजून ड्युटीबाहेरच्या पोलिसांकडून करून घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये पैसे वाचवायची आणखी एक युक्ती आहे. तिथल्या कितीतरी छोट्या रेसचं पोहणं चक्क तरण तलावात होतं, ४०० मीटर, थोड्या थोड्या सेकंदांनी एकेकाला सोडून. होडी नाही, फुगे नाहीत, थंड पाण्याची भीती नाही. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोठ्या रेसची किंमत मात्र नुसत्या खर्चावर ठरत नाही, नावावरही ठरते. आयर्नमॅन हे नाव आता खाजगी कंपनीच्या मालकीचं आहे. १९९० साली ते सुमारे ३० लाख डॉलरला विकलं गेलं. २०१५ साली चीनच्या वांडा ग्रुपने ते ६५ कोटी डॉलरला घेतलं आणि २०२० साली ॲडव्हान्स ह्या अमेरिकन कंपनीने आणखी जास्त देऊन घेतलं. हवाईच्या जागतिक स्पर्धेच्या काही जागा पूर्वी लॉटरीने दिल्या जात. चिठ्ठी टाकायचेच ५० डॉलर, आणि नंबर लागला तर पूर्ण फी वेगळी! शेवटी २०१५ साली अमेरिकन सरकारी वकिलांनी हा जुगार आहे असं ठरवून कंपनीला २७ लाख डॉलरहून जास्त रक्कम सोडायला लावली. पात्रता मिळवून जाणाऱ्यांनाही फी चुकत नाही. दुसरीकडे रेसमध्ये जिंकून जागा मिळाली की तिथल्या तिथे हो म्हणायचं आणि हजार डॉलरच्या वर पैसे भरायचे. गुणवत्ता यादीत आलात, आता डोनेशन भरा, असं काहीसं.

पण हे सगळं डॉलरचं रुपयात करून ‘बाप रे’ म्हणण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. प्रश्न असा हवा, की ती फी मिळवायला तिथल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला किती काम करावं लागतं. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. ७०.३ चे ४०० डॉलर म्हणजे ५५ तास. जर्मनीत २०२५ साली किमान वेतन ताशी १२.८२ युरो झालं, त्या दराने ७०० युरोची पूर्ण रेस म्हणजे पुन्हा ५५ तास, दीड आठवड्याचं काम. आता आपलं बघा. पदवीधर इंजिनिअर शिकाऊ उमेदवार म्हणून लागला तर २०१९ च्या नियमांत त्याचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरलं. अमेरिकेतल्या ७०.३ चे ४०० डॉलर म्हणजे ३४,००० रुपये. पावणेचार महिने! तेही मेसचं बिल न भरता, उपाशी राहून.

आणि फी ही तर सुरुवात. भारतात आजवर पूर्ण अंतराची आयर्नमॅन कंपनीची रेस झालेली नाही, त्यामुळे ज्याला ती करायची त्याला बाहेर जावं लागतं. मिलिंद सोमण २०१५ साली झुरिकला गेले, पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश २०१७ साली फ्रान्सला. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर तर देशोदेशीच्या वीसहून जास्त आयर्नमॅन करून आले. आपल्यासारख्याने हिशेब मांडला तर काय होतं? युरोपचा शेंगेन व्हिसा जून २०२४ पासून ९० युरो झाला आणि नाकारला गेला तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे जर्मन गावकरी जेवढ्यात दोन रेस पळतो, तेवढे आपले नुसत्या अर्जात जातात. त्यावर विमानाचं तिकीट, सायकल उघडून खोक्यात भरली की वीस किलोच्या वर जाणारं सामान, तीन-चार रात्रींचं हॉटेल. युरोपातलं पाणी थंड म्हणून वेटसूट हवा, जो आपल्याकडे दुसऱ्या कशालाच उपयोगी नाही (आयर्नमॅनच्या नियमात पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तरच तो घालून बक्षिसाला पात्र राहता येतं). म्हणून बरेच भारतीय मलेशियातल्या लंकावीकडे वळतात. तिथलं पाणी गरम असल्याने वेटसूटचा खर्च नाही, आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाही माफ केला. श्रीलंकेत कोलंबोलाही २०१८ पासून ७०.३ सुरू झाली. तात्पर्य, फी सारखी असली तरी ‘कुठून निघालात’ ह्यावर रेसची खरी किंमत ठरते.

ह्या बाबतीत पळणारे लोक जास्त शहाणे वाटतात. दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्स शर्यतीत देशातल्यांना एक फी, बाकीच्या आफ्रिकेला दुसरी, परदेशी पाहुण्यांना तिसरी. मुंबई मॅरेथॉनही परदेशी धावपटूंकडून डॉलरमध्ये वेगळी फी घेते. ज्याला झेपेल त्याने जास्त द्यावे, हे तत्त्व आपल्या कॉलेजच्या फीमध्येही आहेच की.

आता घराजवळ. गोव्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर ७०.३ पहिल्यांदा झाली. व्हिसा नाही, विमान नाही, रात्रीची बस आहे. तरी फी वीस हजारांच्या वर, म्हणजे वरच्या हिशेबाने दोन महिन्यांहून जास्त विद्यावेतन. त्यात रिलेची सोय असते: एकजण पोहतो, दुसरा सायकल चालवतो, तिसरा पळतो. रिलेची फी एकट्यापेक्षा थोडी जास्त, पण तिघांत वाटली की हॉस्टेलवाल्यांच्या आवाक्यात येऊ शकते, आणि सायकलही एकच लागते. माझ्या मजल्यावर एक मैत्रीण आहे. नदीकाठच्या गावातली, पोहण्यात मुलांनाही मागे टाकते, पण गिअरची सायकल तिने कधी चालवलेली नाही. तिच्यासाठी रिले हाच मार्ग आहे. मालवणला चिवला बीचवर होणाऱ्या समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेची माहितीही तिने काढून ठेवली आहे. तिथे सायकलच लागत नाही. कोल्हापुरातही ११३ किलोमीटरची स्थानिक रेस होते, तिचीही चौकशी इच्छुकांनी करावी.

पण सगळ्यात स्वस्त रेस ती, जिथे आपण आपल्याच सायकलवरून पोचतो. म्हणून मी आपल्या कॅम्पसचा हिशेब मांडला. ब्रिटिशांची युक्ती: जिमखान्याच्या २५ मीटरच्या तलावात १६ फेऱ्या, म्हणजे ४०० मीटर. मग आतल्या रिंग रोडवर १० किलोमीटर सायकल, शेवटी अडीच किलोमीटर धावणे. रस्ता आपलाच, त्यामुळे पोलीस नकोत. वेळ मोजायला इलेक्ट्रॉनिक्सची मुलं स्टॉपवॉच आणि लॅपटॉप घेऊन बसायला तयार आहेत. उरतो खर्च असा: ॲम्ब्युलन्स ३,०००, दोन जीवरक्षक २,०००, केळी आणि लिंबू सरबत २,५००, छातीवरचे नंबर १,५००, प्रथमोपचार १,०००, मांडव २,०००. एकूण १२,०००. ६० जण आले तर माणशी २०० रुपये, ३० च आले तर ४००. स्थिर खर्च म्हणजे काय हे कुणाला अजून कळलं नसेल तर ह्या दोन आकड्यांकडे परत बघा.

टी-शर्ट मुद्दाम धरलेला नाही. कॉलेजच्या टी-शर्टांनी आपलं कपाट आधीच भरलेलं आहे. सायकल कसलीही चालेल, दूधवाल्याची सुद्धा, पण दोन्ही ब्रेक चालले पाहिजेत आणि हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. हा नियम मोठ्या रेसमध्येही असाच कडक असतो. क्रीडा विभागात अर्ज दिलेला आहे, तिथल्या वहीत नावं नोंदवायची आहेत. पहाटेच्या सरावासाठी लेडीज हॉस्टेलचं गेट साडेपाचला उघडावं म्हणून रेक्टर मॅडमशी बोलणं चालू आहे. सहाला उघडायला त्या तयार आहेत, अर्ध्या तासाचा प्रश्न उरलाय.