जागलीची बंदूक आणि कोरडी काडतुसे

मृगाचा पाऊस पडून सोयाबीनची पेरणी उरकली, की नागपूर जिल्ह्यात रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूर या तालुक्यांतील जंगलालगतच्या शिवारांत जागलीस प्रारंभ होतो. पेरलेले बी उकरून खाणारी रानडुकरे त्याच आठवड्यात तासांवर उतरतात. पुढे तूर आणि हरभरा उभा राहिला की रोह्यांचे कळप येतात. म्हणजे ज्या दिवसांत हवेत सर्वांत अधिक ओल असते, त्याच दिवसांत कास्तकारास मचाणावर रात्र काढावी लागते. नागपूरचा वार्षिक पाऊस सुमारे ११०० मिलिमीटर असून त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वैशाखाच्या कडक उन्हाळ्यात पेटीत सुस्थितीत राहिलेले काडतूस आषाढात मचाणावर उघडे राहिल्यास थोड्याच दिवसांत सर्दावते.

सर्दावलेले काडतूस वाजत नाही, एवढाच त्याचा दोष असता तर त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नव्हते. बार मुळीच न उडाला, तर फार तर डुकरे चरून जातील. खरा धोका आहे तो उशिरा उडणाऱ्या आणि अर्धवट उडणाऱ्या बारात. चाप ओढल्यावर काही क्षण काहीच घडत नाही, कास्तकार बंदूक खाली घेऊन तिच्याकडे पाहू लागतो आणि त्याच वेळी बार उडतो. किंवा नेहमीच्या आवाजाऐवजी केवळ ‘फुस्स’ असा आवाज होऊन छर्रे व बुच नळीतच अडकून राहतात. त्या तुंबलेल्या नळीत दुसरे काडतूस घालून बार काढला तर नळी फुटते, आणि बंदूक धरणाऱ्याचा डावा हात नेमका त्याच ठिकाणी असतो. काडतुसे कोरडी ठेवण्याचा प्रश्न हा प्रथम माणसाच्या जिवाचा आहे, पिकाचा त्यानंतर.

ओल कोठून शिरते हे समजल्यावाचून बंदोबस्त नीट होत नाही. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू सोरा, गंधक व कोळसा यांची बनलेली असते. कोळसा हवेतील ओल शोषतो, आणि सोरा पाण्यात विरघळणारा असल्याने दारू एकदा भिजली की तो दाण्यांतून बाहेर पडतो व वाळताना वेगळा साकळतो. म्हणून भिजलेली दारू वाळवून पूर्ववत होत नाही. ती वरून कोरडी दिसते, परंतु तिचे मिश्रण बिघडलेले असते. काडतुसाची गोष्ट थोडी निराळी आहे. पूर्वीची काडतुसे जाड कागदाच्या नळकांड्याची असत. ती ओलीने फुगत, नळीत जाता जात नसत, आणि गेलीच तर बार झाल्यावर निघत नसत. हल्लीची बहुतेक काडतुसे प्लॅस्टिकच्या नळकांड्याची असल्याने फुगत नाहीत, यामुळे ती पाण्यास दाद देत नाहीत असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. पुढील दुमडलेले तोंड आणि बुडातील टोपीची कड या दोन ठिकाणी फट असतेच. टोपीतील मसाला तर अगदी थोडा असतो, आणि तो बिघडण्यास ओलही थोडीच पुरते.

ही चिंता काही आजची नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी बारकाईने सांगितले आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्यास तळघर करून आत गच करावा, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, सर्दी पोहोचू देऊ नये आणि आठपंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सर्व सामान बाहेर काढून त्यास ऊब द्यावी व पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा त्याचा आशय आहे. सह्याद्रीच्या पावसात गड राखणाऱ्यांचा हा अनुभव होय. जमिनीपासून उंच ठेवणे, ठराविक दिवसांनी तपासणे आणि एकाच माणसावर जबाबदारी असणे या तीन गोष्टी आजच्या शेतघरासही जशाच्या तशा लागू पडतात. ऊब देण्याची गोष्ट मात्र आजच्या काडतुसास लागू करू नये. काडतुसे उन्हात पसरणे, चुलीच्या वईलावर किंवा टिनाच्या छपराखाली ठेवणे ही फार जोखमीची सवय आहे. उष्णतेने आतील दारू हळूहळू खराब होते, आणि चुलीजवळ काय होऊ शकते ते सांगावयास नको.

कोरडेपणा आणि हाताशी असणे या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सामान कोरडे राहते, पण अंधारात डबा उघडेपर्यंत डुकरे बांध ओलांडून जातात. उलट खिशात सुटी टाकलेली काडतुसे हाताशी असतात, परंतु घाम, पाऊस आणि धूळ यांच्याही हाताशी असतात. यावर उपाय असा की, साठा आणि रात्रीची शिधा या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या कराव्यात.

साठा घरीच राहावा. त्यासाठी रबरी कडेच्या घट्ट झाकणाचा पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. तो मातीच्या भिंतीस टेकवू नये, जमिनीवर ठेवू नये, आणि बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवावा. मुलांचा हात पोहोचणार नाही आणि धान्याच्या कोठीला लावण्याचे औषध जवळ नसेल, अशी जागा पाहावी. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोनतीन पुड्या टाकाव्यात. रंग बदलणाऱ्या पुड्या मिळाल्यास उत्तम, कारण त्या केव्हा निकामी झाल्या हे डोळ्यांना दिसते. अशा पुड्या वाळवावयाच्या झाल्यास डब्यातून काढून, काडतुसांपासून दूर नेऊनच वाळवाव्यात. काही ठिकाणी सिलिका जेलऐवजी कळीचा चुना ठेवतात. पाणी लागताच चुना तापतो, म्हणून तो दारूगोळ्याजवळ कदापि ठेवू नये. काडतुसे मूळ खोक्यातच असू द्यावीत. खोक्यावरील माप आणि वर्ष यांची पुढे गरज पडते. खडकीच्या कारखान्याची असोत की अन्य, सर्वांना हाच नियम लागू आहे. डबा वारंवार उघडू नये, कारण प्रत्येक उघडण्याबरोबर बाहेरची दमट हवा आत जाते. रोहिणी नक्षत्रात एकदा आणि हस्ताचा पाऊस ओसरल्यावर एकदा पूर्ण तपासणी करावी, व मधल्या काळात पुडीच्या रंगावर नजर ठेवावी.

रात्रीची शिधा चार काडतुसांहून अधिक असण्याचे कारण क्वचितच पडते. ती झाकण असलेल्या जाड कापडी पिशवीत, प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र घर शिवून, कमरेला उजव्या बाजूस बांधावी आणि वरून घोंगडे किंवा रेनकोट असावा. चामड्याचा पट्टा दिसावयास चांगला असला तरी कमावलेल्या चामड्यातील द्रव्यांमुळे पितळेवर हिरवा गंज चढतो. चामड्यात काडतुसे महिनोन्‌महिने ठेवू नयेत. प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत गुंडाळून ठेवणेही फसवे आहे, कारण पहाटे हवा गार झाली की आतल्याच वाफेचे दव बनते. शिवाय ती पिशवी इतकी खुसखुसते, की डुकरांना सूचना द्यावयास दुसऱ्या कोणाची गरज राहत नाही. पिशवीच्या तोंडाशी एक कोरडे फडके असावे. पावसातल्या रात्री प्रथम हात पुसावयाचा आणि मगच काडतुसाला लावावयाचा. ही कृती दिवसा, रिकाम्या पिशवीवर, डोळे मिटून पाचदहा वेळा करून पाहावी. अंधारात हाताला वाट ठाऊक असली पाहिजे. आगपेटी, विडीचे बंडल आणि बॅटरीचे सेल यांची जागा डाव्या खिशात, काडतुसांशेजारी नव्हे.

एका घरात दोन मापांच्या बंदुका असतील तर विशेष काळजी घ्यावी. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते, आणि नळी रिकामी समजून त्यामागे १२ बोअरचे काडतूस घालता येते. परिणाम वर सांगितलेल्या तुंबलेल्या नळीसारखाच, किंबहुना अधिक वाईट होतो. दोन मापे एका पिशवीत कधीही येऊ देऊ नयेत.

काडतुसांना तेल लावण्याची पद्धतही सोडावी. बंदुकीला तेल हवे, काडतुसाला नको. पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपून मसाला निकामी करते, म्हणून बंदुकीला तेल दिल्यावर हात पुसल्याशिवाय काडतूस धरू नये.

ठासणीच्या बंदुकीचे नियम थोडे अधिक आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ यात पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी मुख्यतः हीच बंदूक गृहीत धरलेली आहे, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. ठासणीच्या बंदुकीत एकदा भरलेला बार सहज दिसत नाही आणि सहज काढता येत नाही. म्हणून ‘भरून ठेवलेली बंदूक बरी’ ही जुन्या घरांतील रीत अत्यंत घातक होय. रात्रभर भरून राहिलेला बार पावसाळ्यात ओलही धरतो. नळी खात्रीने रिकामी असताना गज आत घालून नळीच्या तोंडाशी त्यावर एक खूण करून ठेवावी. पुढे केव्हाही गज त्या खुणेपर्यंत आत गेला नाही, तर आत काहीतरी आहे असे समजावे. ते ‘काहीतरी’ नेहमी दारूच असेल असे नाही. पावसाळ्यात कुंभारीण माशी नळीत मातीचे घर करते, आणि कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या बंदुकीत हे अनेकदा आढळते. नळीत चिंधी किंवा बूच खोचून ठेवू नये, कारण ऐन वेळी ते काढण्याचे भान राहत नाही. मचाणावर बंदूक आडोशाला, तोंड पावसापासून व माणसांपासून फिरवून ठेवावी. मचाणावर चढताना किंवा उतरताना ती रिकामीच असावी.

काळ्या दारूची राख स्वतःच हवेतील ओल ओढते, त्यामुळे बार झालेली नळी एका रात्रीत गंजू लागते. सकाळी घरी आल्यावर नळी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी व मगच हलके तेल द्यावे. पुन्हा बार भरण्यापूर्वी ते तेल आणि टोपी बसते त्या बारीक नळीतील ओशटपणा पुसून काढावा, नाहीतर कोरडी दारूही तेथे सर्दावते. टोप्या लहान घट्ट डबीत, दारूपासून वेगळ्या ठेवाव्यात. दारू परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यातील मर्यादेत घ्यावी. घरगुती दारूत मिश्रण सारखे नसते व सोरा अशुद्ध असल्यास ती अधिक ओल धरते, शिवाय तो गुन्हाही आहे.

चाप ओढूनही बार न उडाल्यास काय करावे हे ग्रामसेवकांनी प्रत्येक परवानाधारकाकडून एकदा वदवून घ्यावे. बंदूक खाली घ्यावयाची नाही. तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबावयाचे. ठासणीच्या बंदुकीबाबत याहूनही अधिक वेळ थांबणे बरे. त्यानंतर काडतूस काढून पिशवीत परत न ठेवता वेगळ्या डबीत टाकावे. ठासणीचा बार लोखंडी सळईने उकरू नये आणि नळीच्या तोंडावर वाकू नये. तो जाणकार कारागिराकडूनच काढवावा. आवाज नेहमीपेक्षा हलका झाला, तर बंदूक उघडून, उजेडात नळी आरपार पाहिल्यावाचून दुसरे काडतूस घालू नये. त्या रात्री डुकरे निसटली तरी चालतील.

बहुतेक रात्री बंदुकीचे काम आवाजापुरतेच असते, आणि कायद्यानेही ते तेवढेच ठेवलेले बरे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. त्यानुसार रानडुक्कर व रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पिकाची नासाडी करणाऱ्या अशा प्राण्यास मारावयाचे झाल्यास वनखात्याचा लेखी परवाना आधी हाती असावा लागतो, आणि त्याप्रमाणे मारलेला प्राणीही शासनाच्या मालकीचा असतो. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रपरवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली असली, तरी डब्यातील काडतुसांची तपासणी पाच वर्षांवर ढकलता येत नाही.

निवडणुकीच्या काळात पुष्कळ परवानाधारकांना बंदूक जमा करावी लागते, आणि तो काळ अनेकदा हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या राखणीचाच असतो. त्याविषयी कास्तकारांची तक्रार असते व ती अगदीच निराधार नाही. बंदूक परत मिळाल्यावर मात्र ती तशीच मचाणावर नेऊ नये. नळी, घोडा आणि चाप तपासून, तेल पुसून, मगच ती वापरात घ्यावी.

वडील वारल्यावर पेटीच्या तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली पाचपंधरा कागदी काडतुसे निघतात, असे प्रसंग खेड्यांत नवीन नाहीत. कागद फुगलेला, पितळ हिरवे पडलेले, टोपीवर काळा डाग असलेले, हलविल्यास छर्रे खुळखुळणारे किंवा तोंड उकललेले काडतूस वापरण्यास अयोग्य समजावे. ते फोडून दारू काढू नये, विहिरीत टाकू नये, शेकोटीत तर नाहीच. कोरड्या डबीत घालून, आधी कळवून, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे व त्याची पोच घ्यावी. चांगली दिसणारी परंतु कोणत्या वर्षाची हे ठाऊक नसलेली काडतुसेही त्यांच्याबरोबरच द्यावीत.

सकाळी मचाणावरून उतरताना पिशवीतील काडतुसे मोजावीत. चार नेली असतील तर चार परत यावीत, किंवा वाजलेल्यांची रिकामी नळकांडी यावीत. मग काडतुसे कोरड्या फडक्याने पुसून तासभर सावलीत, नजरेसमोर ठेवावीत आणि त्यानंतरच कुलपाच्या डब्यात जाऊ द्यावीत. पिशवी दोरीवर वाळत घालावी.