ओली भिंत : पाणी आले कोठून?

पावसाळ्यात पुष्कळ घरांच्या भिंतींना ओल येते. रंगाचे पोपडे सुटतात, काळी-हिरवी बुरशी धरते, खोलीला कुबट वास येतो. घरात कोणाला दमा असेल तर त्याचा त्रास वाढतो. दिवाळीपूर्वी भिंत खरवडून नवा रंग दिला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा हजर! रंगाने डाग झाकतो, पाण्याची वाट बंद होत नाही. म्हणून आधी ती वाट शोधली पाहिजे.

भिंतीत पाणी मुख्यतः तीन वाटांनी येते.

पहिली वाट जमिनीतून. वीट, जांभा दगड, गिलावा यांत अतिशय बारीक छिद्रे असतात. वातीत तेल चढते तसे त्यांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते. त्रिज्या दहापट लहान केली तर सुमारे दीड मीटर! ही ओल तळमजल्यावर, जमिनीलगत सुरू होते. तिच्या वरच्या कडेला बहुधा पांढरे क्षार दिसतात.

दुसरी वाट गळतीची. भिंतीच्या भेगा, गच्ची किंवा फुटका नळ यांतून पाणी झिरपते. हा डाग भिंतीवर कोठेही पडू शकतो.

तिसरी वाट चक्क हवेतून. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅमच. त्यामुळे दमट हवा गार भिंतीला लागली की जादा बाष्पाचे पाणी होते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तेही असेच. शेजारची खोली वातानुकूलित असेल तर मधली भिंत अशी गार राहते. बुरशीला तर थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरते. म्हणूनच हवा न खेळणाऱ्या कपाटामागे ती आधी दिसते.

आता प्रयोग करा. डागाचा थोडा भाग फडक्याने पुसून पंख्याने वाळवा. त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर बाजूचा ॲल्युमिनियमचा पातळ कागद ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. तसाच दुसरा कागद कोरड्या भिंतीवर तुलनेसाठी लावा. दोन दिवसांनी पाहा. खोलीकडची बाजू ओली असेल तर पाणी हवेतले. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून आलेले. दोन्ही ओल्या असतील तर दोन्ही कारणे असू शकतात.

पाणी भिंतीतून येत असेल तर डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा आणि रोज पावसाची नोंद ठेवा. जोरदार पावसानंतर डाग रेघेबाहेर पसरला तर बाहेरच्या भेगा किंवा गच्ची तपासावी. पाऊस नसतानाही मोरीजवळचा डाग वाढत राहिला तर नळाचा संशय घ्यावा.

कारणाप्रमाणे उपाय बदलतो. गळती असेल तर ती बुजवावी. जमिनीतल्या ओलीसाठी जोत्यावर पाणी अडवणारा थर लागतो. तो बांधकामाच्या वेळीच घालणे सोयीचे. हवेतल्या पाण्यासाठी स्वयंपाकाची वाफ बाहेर घालवावी आणि कपाट भिंतीपासून दूर सरकवावे. बाहेरची हवाच दमट असेल तेव्हा नुसती खिडकी उघडून फारसे साधत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. बुरशी कोरडी झाडू नका, तिचे बीजाणू हवेत उडतात. ओल विजेच्या बटणापाशी असेल तर तेथे हात लावू नका. मोठ्यांना सांगून वायरमनला बोलवा.

शेवटी एक प्रश्न. एका तळघरवजा खोलीत भिंतीचा खालचा मीटरभर भाग तैलरंगाने रंगवला. काही महिन्यांनी ओल रंगाच्या वरच्या बाजूस दिसू लागली. पाणी कोणत्या वाटेने आले असावे आणि ते वर का सरकले? केशाकर्षण आणि बाष्पीभवन या दोहोंचा एकत्र विचार करा; उत्तर सापडेल.