दुसऱ्याच्या मालाची वखार : संकेतस्थळांसाठी होस्टिंगची निवड

आमच्या सभासदांच्या घरांतील काही तरुण मंडळींनी अलीकडे एक नवा धंदा हाती घेतला आहे. इतर व्यापाऱ्यांसाठी संकेतस्थळे तयार करून देणे व ती चालविणे हा तो धंदा होय. कापडाचे दुकान असो, भांड्यांची पेढी असो वा दवाखाना असो, ज्याला त्याला आज स्वतःचे संकेतस्थळ हवे असते. ते एकदा सुबक तयार झाले म्हणजे काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः जबाबदारी तेथून सुरू होते. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते तो अहोरात्र चालू असावा लागतो. त्यास सर्व्हर म्हणतात, आणि त्यावरील जागा भाड्याने देण्याच्या व्यवसायास होस्टिंग. ही सेवा कोणाकडून व काय पाहून घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या वाचकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. अडत्या शेतकऱ्याचा माल वखारीत ठेवतो. वखार त्याच्या मालकीची नसली तरी माल भिजल्यावर शेतकरी वखारवाल्याचे दार ठोठावीत नाही. तो अडत्याच्याच पेढीवर येऊन बसतो. ग्राहकांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्याची स्थिती नेमकी अशीच आहे. स्वतःच्या दुकानापुरता मनुष्य चार पैसे वाचविण्यासाठी धोका पत्करू शकेल. दुसऱ्याच्या मालाविषयी तो अधिकार त्यास नाही.

वखार जळणे ही केवळ उपमा नव्हे. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ऱ्हाईन नदीकाठी ओव्हीएच या युरोपातील अग्रगण्य कंपनीची सर्व्हरगृहे होती. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर त्यांतील एका पाच मजली इमारतीस आग लागली. ती इमारत संपूर्ण नष्ट झाली व शेजारच्या इमारतीचाही काही भाग जळाला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. तथापि सुमारे ३६ लाख संकेतस्थळे बंद पडल्याची मोजणी नेटक्राफ्ट या संस्थेने प्रसिद्ध केली. पुढे अग्निशमन दलाच्या अहवालात असे नमूद झाले की, त्या इमारतीत आग आपोआप विझविणारी यंत्रणा नव्हती, आणि सगळी वीज एकदम तोडण्याची सोय नसल्याने वीजपुरवठा बंद होईपर्यंत सुमारे तीन तास गेले. कंपनी मोठी होती, अनुभवी होती. तरीही असे घडले.

परंतु आगीपेक्षाही आम्हास अधिक बोधप्रद वाटतो तो नंतरचा प्रकार. कित्येक ग्राहकांनी मूळ माहितीची प्रत ठेवण्याची सेवा स्वतंत्र पैसे देऊन घेतली होती, आणि ती प्रत त्याच आवारात ठेवलेली होती! मूळ माहितीबरोबर प्रतही जळाली. अशा एका ग्राहकाच्या दाव्यात लील येथील व्यापारी न्यायालयाने २०२३ साली कंपनीस नुकसानभरपाई देण्याचा हुकूम केला. दावा जिंकला, हे खरे. पण गेलेली माहिती निकालाने परत येत नसते.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात डेन्मार्कमधील क्लाउडनॉर्डिक या कंपनीवर वेगळ्या प्रकारचे संकट कोसळले. सर्व्हर एका जागेहून दुसऱ्या जागी हलविण्याच्या गडबडीत खंडणीखोर हल्लेखोरांचा शिरकाव झाला आणि त्यांनी मूळ माहिती, तिची पहिली प्रत व दुसरी प्रतही कुलूपबंद करून टाकली. बहुसंख्य ग्राहकांनी आपले सर्वस्व गमावले. येथे ना आग होती ना पूर. सर्व प्रती एकाच कंपनीच्या किल्ल्यांखाली होत्या, एवढाच दोष. म्हणून आमचे मत असे की, ग्राहकाच्या संकेतस्थळाची निदान एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात, वेगळ्या परवलीच्या शब्दाखाली असावी. शिवाय तीन-चार महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून संकेतस्थळ प्रत्यक्ष उभे करून पाहावे. जी चोपडी कधी उघडून पाहिलीच नाही, तीत जमाखर्च लिहिलेला आहे हे कशावरून मानावे?

आता जाहिरातींतील आकड्यांकडे वळू. ‘९९.९ टक्के वेळ चालू’ हे वचन ऐकावयास भारदस्त वाटते. हिशेब केला तर वर्षभरात सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्याची ती आगाऊ परवानगी आहे. ९९ टक्के म्हटले तर हीच मुदत साडेतीन दिवसांहून अधिक होते, आणि ९९.९९ टक्के म्हटल्यास सुमारे ५२ मिनिटे. वचन मोडल्यास मिळते काय, हेही करारात वाचावे. बहुधा भाड्यातील काही हिस्सा वजावट म्हणून मिळतो, झालेल्या नुकसानीची भरपाई नव्हे. समजा, महिन्याचे भाडे ३०० रुपये आहे आणि त्या प्रमाणात वजावट आहे. धनत्रयोदशीचा संपूर्ण दिवस सराफाचे संकेतस्थळ बंद राहिले तर हाती दहा रुपये येतील. सराफाचे काय गेले ते त्यालाच विचारावे.

‘अमर्याद’ हा शब्दही असाच. एकाच सर्व्हरवर शेकडो भाडेकरू ठेवणाऱ्या स्वस्त योजनेत जागा अमर्याद म्हटलेली असते; फाइलींची संख्या, एका वेळी वापरता येणारी संगणकाची शक्ती यांवर मर्यादा असतात, व त्या बारीक अक्षरांत आढळतात. पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणास किती पडेल तेच खरे भाडे, आणि ग्राहकास दर सांगताना तेच धरावे.

अंतराचा प्रश्न अनेकांच्या ध्यानात येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बेळगावचा ग्राहक आणि मुंबईचा सर्व्हर यांत ५०० किलोमीटर धरले तर जाऊन येण्यास सेकंदाचा दोनशेवा भाग पुरे. तोच सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर निदान १२,००० किलोमीटर जाणे व तितकेच येणे. एक पान उघडण्यास अशा अनेक खेपा होतात, आणि पाहणाऱ्यास विलंब जाणवतो. ॲमेझॉनने आपली सर्व्हरगृहे २०१६ साली मुंबईस व २०२२ साली हैदराबादेस उघडली. इतर कंपन्याही देशात आहेत. गिऱ्हाईक येथले असताना माल सातासमुद्रापार ठेवण्याचे प्रयोजन आम्हास दिसत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र आम्ही थोडे कठोरपणे लिहीत आहोत. संकेतस्थळाचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, ते कोणाच्या नावावर नोंदले आहे? सोयीसाठी म्हणून संकेतस्थळ करणारा ते स्वतःच्या नावे नोंदतो आणि पुढे पैशांवरून वाद झाला की अडवून धरतो, असे प्रकार घडतात. दुकानाची पाटी रंगविणाऱ्याने पाटीवर मालकी सांगावी, तसाच हा व्यवहार. नाव ‘.इन’ असो, ‘.कॉम’ असो किंवा २०१४ सालापासून देवनागरीत मिळू लागलेले ‘.भारत’ असो, नोंदणी ग्राहकाच्या नावे, त्याच्या पत्त्यावर व त्याच्या ईमेलवर असली पाहिजे. शक्य तर डोमेन एका कंपनीकडे व होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे ठेवावे. सर्व्हर बुडाला तरी नाव हाती राहते, आणि ते काही तासांत नव्या जागेकडे वळविता येते.

मदत कशी मिळते हे करारावरून कळत नाही. रविवारी रात्री एक साधा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर माणसाचे येते की ठरावीक मजकुराचे, आणि किती वेळाने, यावरून पुष्कळ उमगते. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार हल्ल्यासारखा प्रकार ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो, व नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्यासंबंधी काय व्यवस्था आहे, असे विचारताच समोरचा गोंधळला, तर अन्यत्र चौकशी करावी.

निवड झाल्यावरही सर्व ग्राहक एकदम तेथे नेऊ नयेत. स्वतःचे एखादे लहान संकेतस्थळ महिनाभर ठेवून पाहावे. मग ते तेथून संपूर्ण उचलून दुसरीकडे नेऊन पाहावे. माहिती सहज बाहेर काढता येते की नाही, किती वेळ लागतो व काही आकार पडतो काय, हे टिपून ठेवावे. वर्षाचे पैसे त्यानंतर भरावेत.