पाठ ११ : फोटोतला पक्षी कोण?

मागच्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीहून माझ्या भाचीने मला एक फोटो पाठवला. अंगणातल्या गवतात एक पक्षी उभा होता. डोकं तपकिरी, अंग काळपट आणि पोटावर पांढरे ठिपके. फोटो खिडकीच्या काचेतून काढलेला, त्यामुळे जरा धूसर होता.

"मामा, ॲप म्हणतंय काउबर्ड. शाळेच्या वहीत तसंच लिहिलंय. बरोबर आहे ना?"

मलाही ते बरोबर वाटलं. काउबर्डच्या नराचं डोकं तपकिरी आणि अंग काळं असतं. रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही तोच फोटो साताऱ्याला आजीला दाखवला. चष्मा लावून ती म्हणाली, "अगं, ही तर आपल्या साळुंकीची बहीण दिसते!"

भाची हसली. "आजी, आमच्या अंगणात साळुंक्या नसतात गं!"

"नसू देत. पण चोच बघ ना, किती लांब आणि टोकदार आहे. तो खात कसा होता?"

हे फोटोत दिसत नव्हतं. पण भाचीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. "तो गवतात चोच खुपसायचा आणि आतल्या आत उघडायचा."

मग आम्ही फोटो मोठा करून पाहिला. काउबर्डची चोच आखूड आणि जाड असते, चिमणीसारखी. शिवाय त्याच्या नराच्या अंगावर असे पांढरे ठिपके नसतात. मग हा कोण?

हा होता त्याच वर्षी जन्मलेला स्टारलिंग! स्टारलिंगचं पिल्लू आधी सगळं तपकिरी असतं. उन्हाळ्याच्या शेवटी त्याची पिसं बदलतात. अंगावर ठिपक्यांची नवी पिसं येतात, डोक्यावरची मात्र सगळ्यात शेवटी. म्हणून काही दिवस तो दोन पक्षी जोडल्यासारखा दिसतो.

आणि आजी? तिचं फारसं चुकलं नव्हतं. स्टारलिंग आणि साळुंकी एकाच कुळातले. हिवाळ्यात महाराष्ट्रात थव्याने येणारी भोरडीही त्याच कुळातली. स्टारलिंग मूळचा अमेरिकेचा नाही. १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपातून आणलेले सुमारे ६० स्टारलिंग सोडले होते. आज तो अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे दिसतो.

भाचीने वहीतलं 'काउबर्ड' खोडलं. 'स्टारलिंग' लिहिलं आणि पुढे कंसात 'आजीने ओळखला'.

लक्षात ठेवा
१. उजेड बदलला की फोटोतला रंगही बदलतो. आधी चोच पाहा.
२. जागा आणि महिना लिहून ठेवा.
३. पक्षी काय करत होता, तेही लिहा. फोटोत ते येत नाही.
४. नाव नाही सापडलं, तर 'माहीत नाही' लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते बरं.

शब्दार्थ
धूसर – स्पष्ट न दिसणारं
खुपसणे – जोराने आत घालणे
आखूड – लांबीला कमी
कूळ – घराणं, मोठं कुटुंब
थवा – एकत्र उडणारे खूप पक्षी

प्रश्न
१. ॲपने दिलेलं नाव का पटण्यासारखं होतं?
२. आजीने कोणता प्रश्न विचारला? त्याचं उत्तर फोटोत का नव्हतं?
३. "आजीचं फारसं चुकलं नव्हतं." असं का म्हटलं आहे?

उपक्रम
खिडकीतून एक पक्षी पाच मिनिटं पाहा. नाव न लिहिता त्याच्याबद्दल पाच वाक्यं लिहा. ती आजी-आजोबांना वाचून दाखवा. बघा, त्यांना कोणता पक्षी आठवतो!