संगणकीय तक्त्यातील अटींची सूत्रे

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडीतील मोजमापांना ग्रामीण प्रशासनात महत्त्वाचे स्थान आहे. वजन, उंची आणि दंडाचा घेर यांच्या नोंदींवरून कोणत्या बालकाला तातडीने उपचार हवेत हे ठरते. गोषवारा काढण्यासाठी या नोंदी संगणकातील तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, उतरविल्यास वर्गवारीचे काम अटीचे सूत्र करते. सूत्र अचूक असेल तर शेकडो नावांची वर्गवारी क्षणार्धात होते. ते सदोष असेल, तर आजारी बालक सुदृढ बालकांच्या यादीत जाऊन बसते आणि ही चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सूत्राची रचना

६ ते ५९ महिने वयाच्या बालकांसाठी दंडघेराचे निकष निश्चित आहेत. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास बालक तीव्र कुपोषित, ११.५ किंवा अधिक परंतु १२.५ पेक्षा कमी असल्यास मध्यम कुपोषित समजले जाते. दोन्ही पायांवर कुपोषणजन्य सूज असल्यास घेर कितीही असला तरी बालक तीव्र कुपोषितच होय. उंचीच्या प्रमाणात वजन हा निकष स्वतंत्रपणे पाहावा लागतो. येथे केवळ दंडघेराचे उदाहरण घेतले आहे.

तक्त्याच्या ‘ए’ रकान्यात नाव, ‘बी’ रकान्यात सूज (होय किंवा नाही) आणि ‘सी’ रकान्यात दंडघेर आहे असे समजू. पहिल्या ओळीत मथळे असल्याने पहिले बालक दुसऱ्या ओळीत येते. ‘इफ’ या सूत्राचे तीन भाग असतात : अट, अट खरी ठरल्यास द्यावयाचा शेरा आणि खोटी ठरल्यास द्यावयाचा शेरा. तिसऱ्या भागात पुन्हा ‘इफ’ लिहिता येते :

=इफ(सी२<११.५, "तीव्र", इफ(सी२<१२.५, "मध्यम", "सर्वसाधारण"))

संगणकावर सूत्राचे नाव, रकान्याचे अक्षर आणि अंक इंग्रजी लिपीत टंकित करावेत. अवतरण चिन्हांतील शेरा मात्र देवनागरीत देता येतो.

तीन धोके

पहिला धोका अटींच्या क्रमाचा. संगणक अटी डावीकडून तपासतो आणि पहिली खरी अट सापडताच थांबतो. १२.५ ची अट आधी लिहिली, तर १०.९ घेराचे बालकही ‘मध्यम’ ठरते आणि ‘तीव्र’ हा शेरा कोणालाच मिळत नाही.

दुसरा धोका रिकाम्या चौकटीचा. तुलनेत रिकामी चौकट शून्य मानली जाते. त्यामुळे मोजमापाच्या दिवशी गैरहजर असलेले बालक ‘तीव्र’ ठरते.

तिसरा धोका सर्वांत गंभीर आहे. चौकटीत ‘११.२ सेमी’ असे लिहिल्यास संगणक ती संख्या न मानता मजकूर मानतो. आणि तुलनेत मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा ठरतो. परिणामी दोन्ही अटी खोट्या ठरून या तीव्र कुपोषित बालकापुढे ‘सर्वसाधारण’ असा शेरा उमटतो. एकक मथळ्यात लिहावे. चौकटीत केवळ संख्या असावी.

सुधारित सूत्र

या धोक्यांचा विचार करून सूत्र पुढीलप्रमाणे लिहावे :

=इफ(बी२="होय", "तीव्र", इफ(नॉट(इझनंबर(सी२)), "मोजमाप तपासा", इफ(सी२<११.५, "तीव्र", इफ(सी२<१२.५, "मध्यम", "सर्वसाधारण"))))

येथे सुजेची अट प्रथम आहे, कारण घेर मोजला गेला नसला तरी सूज असलेले बालक उपचारांपासून वंचित राहता कामा नये. ‘इझनंबर’ हे सूत्र चौकटीत संख्या आहे की नाही ते पाहते; रिकामी चौकट आणि मजकूर हे दोन्ही दोष त्यात पकडले जातात. ‘होय’ या शब्दापुढे एक मोकळी जागा पडली तरी अट खोटी ठरते. म्हणून सुजेच्या रकान्यात ठरावीक यादीतूनच उत्तर निवडण्याची सोय करावी.

पडताळणी

सूत्र वापरात आणण्यापूर्वी सात नमुना नोंदींवर तपासावे. सूज ‘नाही’ ठेवून ११.४, ११.५, १२.४, १२.५, रिकामी चौकट व ‘११.२ सेमी’ या सहा नोंदी घ्याव्यात. सातवीत घेर १३ ठेवून सूज ‘होय’ लिहावी. शेरे अनुक्रमे तीव्र, मध्यम, मध्यम, सर्वसाधारण, मोजमाप तपासा, मोजमाप तपासा आणि तीव्र असे आले पाहिजेत. सीमेवरील आकड्यांतच बहुतेक चुका दडलेल्या असतात.

त्यानंतर ‘काउंटइफ’ या सूत्राने प्रत्येक शेऱ्याची संख्या काढून बेरीज एकूण नावांशी जुळते का, ते पाहावे. ‘मोजमाप तपासा’ हा शेरा असलेली नावे अहवालातून वगळू नयेत; अंगणवाडी सेविकेकडून त्या बालकांचे मोजमाप पुन्हा करून घ्यावे. ग्रामसभेपुढे गोषवारा ठेवताना सदस्यांनीही ही संख्या आवर्जून विचारावी. तक्ता वर्गवारी करतो; बालकापर्यंत पोचण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.