ग्रुपचा अ‍ॅडमिन ते कम्युनिटी मॅनेजर: अंगी काय हवं?

‘दिवसभर मोबाइलमध्ये डोकं, आणि विचारलं तर म्हणतो, मी ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे!’ बदलापूरच्या सोनिवलीपासून अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंत कुठल्याही घरात शोभेल अशी ही तक्रार. दहावी-बारावीचा निकाल लागला की तिला काळजीची जोड मिळते: यातून पोटापाण्याचं काही होणार आहे का?

होऊ शकतं. पण अ‍ॅडमिन असणं ही पात्रता नव्हे. सदस्य जोडण्या-काढण्याची बटणं कोणालाही मिळतात. ती कधी दाबायची नाहीत हे ज्याला कळतं, त्याला या क्षेत्रात वाव आहे.

काम नेमकं काय?

शिक्षणाची अ‍ॅप्स, गेमिंग कंपन्या, वृत्तसंस्था, स्वयंसेवी संस्था अशा अनेक ठिकाणी आज सदस्यांचे मोठे समूह सांभाळावे लागतात. त्यासाठी कम्युनिटी मॅनेजर, मॉडरेटर, ट्रस्ट अँड सेफ्टी अशा नावांची पदं असतात. नियम लिहिणं, तक्रारी ऐकणं, अफवा रोखणं, भांडणं मिटवणं आणि नव्या माणसाला बोलतं करणं, हे रोजचं काम. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यमांना तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, त्यामुळे तक्रार हाताळण्याच्या कौशल्याला आता कायद्याचीही बाजू आहे.

खात्री होईपर्यंत थांबण्याची सवय

पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की बदलापूर पश्चिमेतले ग्रुप रात्रभर जागे असतात. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुखरूप सुटका करावी लागली. अशा वेळी ‘धरण फुटलं’ असा एक मेसेज लोकांना घराबाहेर पळवतो. चांगला अ‍ॅडमिन तो मेसेज थांबवतो आणि विचारतो: हे कोणी सांगितलं, किती वाजता, पातळी किती? नदीची इथली धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे, हे त्याला माहीत असतं. नगरपालिकेची अधिकृत सूचना तो वेळेसह टाकतो.

अफवेची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली.

निर्णयाचं कारण सांगण्याची तयारी

मराठी विकिपीडिया २००३पासून चालू आहे. तिथल्या प्रचालकाला, म्हणजे तिथल्या अ‍ॅडमिनला, पान वगळता येतं, सदस्याला प्रतिबंध करता येतो. पण त्याच्या प्रत्येक कृतीची नोंद राहते आणि ती कोणीही पाहू शकतो. त्याला पगार नाही, लेखांवर मालकीही नाही. आपल्या ओळखीच्याला एक नियम आणि विरोधकाला दुसरा लावला, तर लोक ते नोंदींसकट दाखवून देतात. इथे थोडे दिवस संपादन करून पाहिलं तरी टीका ऐकून घेण्याची सवय लागते.

गुपित राखणं

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या बालकाची ओळख माध्यमांतून उघड करायला पॉक्सो कायद्याच्या कलम २३ने मनाई केली आहे. त्यात नाव-फोटोच नव्हे, तर पत्ता, कुटुंब, शाळा, परिसर हेही येतं. ऑगस्ट २०२४मध्ये अशाच एका प्रकरणानंतर बदलापूरने संतापाचा उद्रेक पाहिला. संताप खरा असतानाही ओळख उघड करणारी पोस्ट काढण्याचं धैर्य अ‍ॅडमिनमध्ये हवं.

पालकांना वाटणाऱ्या एका भीतीबद्दल: दुसऱ्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही, त्यासाठी समान हेतू दिसायला हवा, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलं. मात्र तेव्हा अ‍ॅडमिनच्या हाती सदस्य जोडणं-काढणं एवढंच असतं, असं निकालात गृहीत होतं. आता दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी डिलीटही करता येतो. अधिकार वाढले तशी अपेक्षाही वाढणारच.

मोठ्यांना नाही म्हणता येणं

सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा चालू असताना कोणी ज्येष्ठ राजकीय पोस्ट टाकतात. चारचौघांत टोकलं तर मान जातो, गप्प बसलं तर नियम जातो. हुशार मुलगी खासगीत लिहिते, ‘काका, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामांपुरता ठेवायचं ठरलंय. ही पोस्ट तुम्हीच काढली तर बरं होईल.’ काकांचा मानही राहतो, पोस्टही जाते. मुलाखतीत हेच विचारतात: चिडलेल्या सदस्याला काय उत्तर द्याल?

भाषेचा कान आणि घट्ट मन

शिव्या गाळायला आज यंत्रं आहेत. पण आगरी बोलीतली लाडाची थट्टा आणि खरा अपमान यांतला फरक त्यांना नीट कळत नाही. मराठी, हिंदी, सिंधी आणि आगरी कानावर पडत वाढलेल्या इथल्या मुलांकडे हे भांडवल आपसूक आहे.

या कामाची काळी बाजूही मुलांना सांगा. हिंसक चित्रफिती तपासून मन आजारी पडलेल्या मॉडरेटरांच्या दाव्यात फेसबुकने २०२०मध्ये अमेरिकेत ५.२ कोटी डॉलर भरपाई मान्य केली. त्यामुळे नोकरी घेताना कामाचं स्वरूप, पाळ्या आणि समुपदेशनाची सोय विचारूनच घ्यावी.

शिकायचं काय?

पदवी सोडू नका. मानसशास्त्र, कायदा, भाषा किंवा मुंबई विद्यापीठाची बीएएमएमसी (माध्यम आणि जनसंवाद), यांतली कुठलीही वाट चालते. सोबत एक फाइल ठेवा: आपण लिहिलेले नियम, मिटवलेले वाद (नावं वगळून), थांबवलेल्या अफवा. ‘घरबसल्या मॉडरेटर व्हा, आधी नोंदणी फी भरा’ म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका.

आणि पालकांनो, स्क्रीनटाइमवरून वाद घालण्याआधी मुलाला दोन प्रश्न विचारा: शेवटचं कोणाला ग्रुपमधून काढलंस, आणि का? ‘मला उलट बोलला म्हणून’ असं उत्तर आलं, तर अजून बरंच शिकायचं आहे. ‘नियम सांगितला, एकदा समज दिली, तरी ऐकलं नाही’ असं आलं, तर समुपदेशकाकडे जाताना या क्षेत्राचंही नाव यादीत घाला.